आमचा खलनायक व्हॅनमध्ये बसून बोलायचा

मी नेमकं काय काम करते, हे मला आजवर कोणालाही एका दमात सांगता आलेलं नाही. लग्नाकार्यात कोणीतरी विचारतंच. मी म्हणते, परदेशी कार्टून असतात ना, ते उडणारे, मुखवटेवाले, त्यांना मी मराठीत बोलायला लावते. मग समोरची बाई विचारते, म्हणजे तुम्ही चित्रं काढता? नाही. मग आवाज तुमचा असतो? कधीकधी, म्हातारीचा. मग करता तरी काय? इथे माझं डोकं फिरतं आणि मी ताटाकडे वळते. आता या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलंय, वर 'जरा गमतीजमती येऊ द्या' असंही म्हणालेत. गमती कुठल्या, डोक्याला ताप म्हणा. तर एकदाच सांगते आणि मोकळी होते.

एक असतं कॉमिक. त्यात नायक इमारतीवरून उडी मारता मारता पाच ओळींचं भाषण ठोकतो, कारण कागदावर त्याला खाली पडायची घाई नसते. मग त्या कॉमिकवरून कोणी चित्रपट काढतं, कोणी टीव्हीसाठी कार्टून मालिका काढतं. पडद्यावर उडी म्हणजे उडी, डोळ्याचं पातं लवतं तोवर खाली. पण लेखकाला कॉमिकमधलं भाषण सोडवत नाही, म्हणून तो नायकाला उडीच्या आधी कठड्यावर उभं करून बोलायला लावतो. त्याच्या त्या इंग्रजी हलणाऱ्या तोंडात मराठी शब्द बसवायचे, हे माझं काम. तोंड उघडलं की शब्द सुरू, मिटलं की बंद. त्यातही प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात, म्हणून पाहा, दुसरा इलाज नाही. म्हणजे चित्रातल्या बाप्याचे ओठ जिथे मिटतात, तिथे मला यांतलंच एखादं अक्षर हवं. अर्थ बसला पाहिजे, लांबी बसली पाहिजे, ओठ बसले पाहिजेत, आणि पाचोऱ्याच्या पोराला वाटलं पाहिजे की हा गडी जन्मापासून मराठीच बोलतोय. हे जमलं तर कोणाच्या लक्षात येत नाही. चुकलं की गावभर होतं.

त्यातून या लोकांच्या कथा म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकाच नायकाची आई कॉमिकमध्ये कडक, चित्रपटात तो पाळण्यात असतानाच गेलेली, आणि कार्टूनमध्ये जिवंत, वर त्याला स्वेटर विणून देणारी. धुळ्याच्या एका प्राध्यापकांनी मला फोन करून झापलं होतं, की मूळ कॉमिकमधली करारी आई तुम्ही मवाळ का केलीत. अहो सर, मी कशाला करू? ती तिकडूनच मवाळ होऊन आली. मी फक्त तिच्या तोंडात मराठी घातलं. पण नाही, दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांचा राग माझ्यावर.

आणि मुंबई. मुंबईचे लोक म्हणजे ज्यांच्याकडून आम्हाला काम यायचं ते. उंटावरून शेळ्या हाकायच्या कशा, ते त्यांच्याकडून शिकावं. तिथल्या बाई मला सांगायच्या, भाषा शुद्ध हवी पण पुस्तकी नको, सोपी हवी पण गावठी नको, आणि खानदेशी हेल तर अजिबात नको. मी मूळची धुळ्याची. हेल नको असेल तर जळगावला काम पाठवता कशाला, असं अगदी ओठांवर यायचं. पण आधी आम्ही अहिराणी गाणी आणि प्रचाराच्या जाहिराती रेकॉर्ड करायचो, त्यापेक्षा हे काम बरं होतं. म्हणून गप्प बसायचे.

आमचा स्टुडिओ म्हणजे जळगावातल्या एका बंगलीचा तळमजला. आतल्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मध्ये माइक, बाहेरच्या खोलीत मी आणि माझा संगणक. माइक पंख्याचा आवाज पकडतो म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. मे महिन्यात जळगावात गाद्या लावलेल्या खोलीत पंखा बंद करून उभं राहायचं आणि 'हे थंड वारे माझी शक्ती वाढवतात' असं म्हणायचं. पारसने म्हटलंय ते. पारस म्हणजे आमचा नायक. घरचं साड्यांचं दुकान, कुटुंब पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं, आवाज मात्र असा की ऐकत राहावं. त्याचा ताप वेगळा. लग्नसराईत तो दुकान सोडून यायचा नाही, आणि पर्युषणात मारामारीचं काही बोलायचा नाही. मग त्या दिवसांत मी नायकाची प्रेमाची आणि उपदेशाची वाक्यं उरकून घ्यायचे आणि ठोसे पुढे ढकलायचे.

खलनायक होते नाना. अमळनेरच्या एसटी स्टँडवर गाड्यांचा पुकारा करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. माणूस गायीसारखा गरीब, पण माइकसमोर तोंड उघडलं की काच हलायची. मालिकेतल्या पात्रांची नावं इथे लिहीत नाही, करारात तसं कलम आहे. आम्ही आपसात नायकाला टोपडं म्हणायचो, कारण त्याचा मुखवटा अगदी बाळाच्या टोपड्यासारखा दिसायचा, आणि नानांच्या पात्राला जबड्या. जबड्याला एकच छंद, शहर बेचिराख करायचं.

वरच्या मजल्यावर घरमालक राहायचे, आबा आणि अक्का. आबा तेलाच्या गिरणीत फोरमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांना दुपारी काही उद्योग नसे, म्हणून खाली येऊन माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. ओठ कसे जुळवायचे ते मी त्यांना दाखवलं, आणि तेव्हापासून माझ्या मागे नवीनच तपासनीस लागला. पारसचा शब्द जरा लांबला की आबा खुर्चीतून म्हणायचे, तोंड मिटलं तरी हा बोलतोच आहे. बरोबर असायचं, म्हणून जास्तच राग यायचा. आणखी एक प्रश्न ते नेहमी विचारायचे: हे टोपडं दर वेळी मरतं आणि दर वेळी परत येतं, मग लोकांना त्याची काळजी कशी वाटते? मी म्हणायचे, आबा, लिहिणारे वेगळे आहेत, मला विचारू नका. अक्का कधीमधी चहा घेऊन यायच्या आणि खलनायकाचं ओरडणं ऐकून हसायच्या. सगळं ठीक चाललं होतं.

मग आबांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं, पण उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली, चोवीस तास खाटेवर. ती खाट बरोबर आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीच्या वर. मी अक्कांना म्हटलं, आम्ही थोडे दिवस काम बंद ठेवतो. त्या नको म्हणाल्या. खालून आवाज आला तर आबांना बरं वाटतं, म्हणाल्या.

पण दुसऱ्याच आठवड्यात त्या खाली आल्या. नाना आत जबड्याचं वाक्य म्हणत होते, 'मर! या घरातून आज कोणी जिवंत बाहेर जाणार नाही!' नानांचा आवाज, गाद्या काय अडवणार. अक्का दारात उभ्या राहिल्या. त्या मूळच्या पारोळ्याकडच्या, मनातलं बोलायचं झालं की अहिराणीच बोलायच्या.

"शैला, तुनं काम तू कर," त्या म्हणाल्या. "पन घरमा हे मरन-मारन नको. वास्तू तथास्तु म्हनस."

मी कपाळाला हात लावला. घरात अभद्र बोलू नये, वास्तू ऐकत असते आणि तथास्तु म्हणते, हे मीही लहानपणापासून ऐकलंय. माझी आई तर घरातलं पीठ संपलं तरी संपलं म्हणायची नाही, वाढलं म्हणायची. पण इथे माझ्याकडे मालिकेच्या सबंध हंगामाचे, म्हणजे सीझनचे, भाग पडलेले, आणि जबड्या दर भागात पाच-पंचवीस माणसांना ठार मारायच्या धमक्या देतो. मी अक्कांना समजावलं की हे खोटं आहे, कार्टून आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, तुला माहीत आहे खोटं आहे, वास्तूला काय माहीत.

आधी मी शब्द बदलून पाहिले. 'मर'च्या जागी ओठ मिटणारं दुसरं काहीतरी हवं होतं. पारसने सुचवलं, 'बस!' ते रेकॉर्ड करून पाठवलं. मुंबईच्या बाईंचा फोन आला, खलनायक नायकाला बसायला का सांगतोय? आणि पारसने वर अक्कांचीच बाजू घेतली. म्हणाला, ताई, आमच्याही घरी असं बोललेलं चालत नाही, मला तर आधीपासूनच पटत नव्हतं. मग इतके दिवस कुठे होतास बाबा?

शेवटी तोडगा अक्कांनीच काढला. घर म्हणजे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. भिंतीबाहेर काय बोलायचं ते बोला. माझ्याकडे एक जुनी व्हॅन होती. ती फाटकाबाहेर निंबाच्या झाडाखाली लावली, आतून गाद्या बांधल्या, खिडकीच्या फटीतून वायर आत घेतली, आणि आमचा खलनायक व्हॅनमध्ये जाऊन बसला. चांगलं शुभशुभ बोलायचं असेल तर घरात, वाईट बोलायचं असेल तर गाडीत. एकाच प्रसंगात नायक आणि खलनायक भांडत असतील तर पारस गाद्यांच्या खोलीत आणि नाना रस्त्यावर, आणि मी मधे वायर ओढत. नानांना मी घाम पुसायला पंचा देऊन ठेवला होता. ते बिचारे एवढंच म्हणायचे, ताई, स्टँडवर निदान पंखा होता.

एकदा भाजीवाली हातगाडी टाकून पळाली, कारण बंद व्हॅनमधून आवाज आला, 'मला माहीत आहे तू तिथे उभी आहेस.' एकदा पोलीस आला. गादी बाजूला करून त्याने आत पाहिलं, घामाने निथळणारा म्हातारा आणि माइक पाहून त्याला वाटलं प्रचाराची गाडी आहे, आणि परवानगीचा कागद मागू लागला. त्याला सगळं समजावेपर्यंत माझ्या नाकीनऊ आले. आणि इतकं सगळं करून मुंबईचा निरोप काय, तर खलनायकाचा आवाज आता फार छान दबलेला, लोखंडी येतोय, कोणतं यंत्र बसवलंत? मी म्हटलं, खास मागवलंय.

तेवढ्यात हंगाम संपत आला, आणि शेवटच्या भागात टोपडं मेलं. मरणारच होतं, कॉमिकमध्ये मरतं, चित्रपटातही मरतं. फरक एवढाच, की चित्रपटात तासाभरात उठतं आणि कार्टूनवाले पुढच्या हंगामापर्यंत ताटकळत ठेवतात. पारसला त्याची शेवटची वाक्यं म्हणायला व्हॅनमध्ये पाठवलं. म्हणून झाल्यावर त्याने फाटकाबाहेरच नळावर तोंड धुतलं, मगच आत आला. तो भाग टीव्हीवर लागला त्या दिवशी अक्कांनी वरचा टीव्ही बंद ठेवला आणि आबांना सांगितलं, लाइट गेली. आबांचा पंखा तर गरगर फिरत होता.

आबांचं तसं काही सुधारत नव्हतं. डॉक्टर येऊन जायचे, खाली उतरताना माझ्याकडे पाहून मान हलवायचे. अक्कांना सगळं कळत होतं, पण त्या ते तोंडाने म्हणत नव्हत्या.

नव्या हंगामाचा पहिला भाग आला. त्यात टोपडं दगडाच्या चौथऱ्यावर पडलेलं असतं आणि त्याची ती स्वेटरवाली आई त्याच्या उशाशी उभी राहून त्याला उठवते. म्हाताऱ्या बायका सगळ्या माझ्या वाट्याला, म्हणून हे वाक्यही मीच म्हणायचं होतं. 'ऊठ बाळा. अजून तुझं काम संपलेलं नाही.' 'बाळा'वर ओठ झकास मिटत होते. मी दुपारी खाली सराव करत होते. अक्का चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. कप ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"हे वाक्य वर येईसन म्हन," त्या म्हणाल्या. "त्यासना जोडे."

त्यांच्याजवळ, म्हणजे आबांच्या खाटेपाशी. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू. भाग संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. वरच्या खोलीत गाद्या नाहीत, भिंती मोकळ्या, आवाज घुमणार, रस्त्यावरचं सगळं ऐकू येणार. हे सगळं मी त्यांना सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, इतके महिने वाईट शब्द मी घराबाहेर ठेवले, आता चांगला शब्द आलाय तर तो घराला ऐकू येऊ दे. वास्तूला तथास्तु म्हणायचंच असेल तर याला म्हणू दे.

शेवटी मी उठले. माइक, लॅपटॉप, सगळं वर नेलं. पारसने वायर धरली. आबा डोळे मिटून पडले होते. मी हळूच अक्कांना विचारलं, एवढ्या मोठ्या माणसाला 'ऊठ बाळा' कसं म्हणू? त्या म्हणाल्या, त्यांची माय आज असती तर असंच म्हणाली असती. मग त्यांनी स्वतः पंखा बंद केला आणि ओल्या फडक्याने आबांचं कपाळ पुसत उभ्या राहिल्या.

पहिल्या वेळी शेजारच्या कुकरची शिट्टी आली. दुसऱ्या वेळी सगळं छान जमलं, लांबी, ओठ, सगळं. मी माइक बंद करणार तोच अक्का म्हणाल्या, "परत म्हन." मी परत म्हटलं. "परत म्हन." पुन्हा म्हटलं. 'ऊठ बाळा. अजून तुझं काम संपलेलं नाही.' एरवी एकच वाक्य इतक्या वेळा मागणाऱ्या दिग्दर्शकाशी मी भांडले असते. इथे मागणारी बाई माझ्याकडे पाहतच नव्हती, ती भिंतीकडे, छताकडे पाहत होती. घामाच्या धारा लागल्या होत्या. तोंड पुसायला मी थांबले.

तेव्हा आबांनी डोळे उघडले. लॅपटॉपवर ती आई तोंड हलवत होती, तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग वाकड्या ओठांनी, फार कष्टाने विचारलं, "ओठ जुयनात?"

जुळले आबा, मी म्हटलं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. अक्कांनी पंखा लावला आणि सगळ्यांना सरबत करायला आत गेल्या.

मुंबईच्या बाईंनी ते वाक्य परत पाठवलं. आवाज घुमतोय, पुन्हा करा. मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं, आणि कारणही दिलं नाही. दगडाच्या गुहेत आवाज घुमणारच, असं त्यांनीच पुढे ठरवून टाकलं. टीव्हीवर ते तसंच गेलं, आणि टोपडं उठलं.

आबा उठले नाहीत. पावसाळा संपता संपता, सकाळी चहा पाजताना, अक्कांच्या हातातच गेले. आम्ही काम बंद ठेवलं. मुंबईहून रोज फोन, भाग कुठे, भाग कुठे. मी सांगितलं, घरात सुतक आहे. बाई म्हणाल्या, पण तुम्ही तर भाडेकरू ना? मी फोन ठेवून दिला.

सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, आम्ही पुन्हा सुरू केलं. मला खरं तर दुसरी जागा बघायची होती. पण अक्का एकट्या पडल्या होत्या, आणि जातो असं त्यांना सांगायला कोणाचीच हिंमत नव्हती. पहिल्या दिवशी नानांचंच काम होतं. जबड्याची एक मोठी धमकी बाकी राहिली होती. नानांनी कागद घेतला, खांद्यावर पंचा टाकला आणि फाटकाकडे निघाले. मी वायर सोडवत होते.

अक्का जिन्यात उभ्या होत्या. कधीपासून, माहीत नाही.

"आते घरमाच बोला, नाना," त्या म्हणाल्या. "आते कोनले काय व्हई?"

नाना फाटकापाशी थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, दुसरं काय करणार. ते परत आले, चपला काढल्या, गाद्यांच्या खोलीत गेले. अक्काही खाली आल्या आणि आबा बसायचे त्या खुर्चीत बसल्या. मी चित्र सुरू केलं. पडद्यावर जबड्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी चित्र मागे घेतलं आणि परत लावलं. नाना माइकसमोर उभे होते, कागद हातात होता, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.